रोमचा वक्ता सिसरो

लॅटिन भाषेत ‘किकेर’ म्हणजे हरभरा. सिसरोच्या कोणा पूर्वजाच्या नाकाच्या शेंड्यावर हरभऱ्यासारखी खाच होती, म्हणून घराण्यास हे नाव पडले, असे ग्रीक चरित्रकार प्लुटार्क सांगतो. (रोमन लोक त्याला ‘किकेरो’ म्हणत; आपल्याकडे इंग्रजीच्या वाटेने ‘सिसरो’ रूढ झाले.) हे हास्यास्पद नाव बदल, असे मित्रांनी सुचविले, तेव्हा हेच नाव आपण थोर घराण्यांच्या नावांहून अधिक गाजवू, असे त्याने उत्तर दिले म्हणतात.

त्याचा जन्म इ. स. पू. १०६ मध्ये आर्पिनम या गावी झाला. घर सधन होते; परंतु त्या घराण्यातील कोणी रोममध्ये अधिकारपदावर चढला नव्हता. राज्यातील मोठी पदे ठराविक कुळांतच फिरत. अशा ठिकाणी या तरुणाजवळ एकच साधन होते, आणि ते म्हणजे वाणी.

इ. स. पू. ७५ मध्ये तो सिसिली बेटावर क्वेस्टर, म्हणजे खजिन्यावरील अधिकारी होता. रोममध्ये आपलीच वाहवा चालली असेल, अशा समजुतीने तो परतला. वाटेत पुतेओली बंदरात एकाने त्याला विचारले, रोमहून कधी निघालात, तेथील काय वार्ता? आपण बाहेरगावी होतो हेही कोणाला ठाऊक नव्हते! ही फजिती त्याने स्वतःच पुढे एका भाषणात सांगितली, हे आम्हांस विशेष वाटते.

सिसिलीचा सुभेदार व्हेरेस याने प्रजेस नागविले होते. इ. स. पू. ७० मध्ये त्याच्यावरील खटला सिसरोने चालविला. पन्नास दिवसांत त्याने बेटभर हिंडून पुरावा गोळा केला, आणि लांबलचक भाषण टाळून साक्षीदारच पुढे उभे केले. निकालाची वाट न पाहता व्हेरेस परागंदा झाला. या खटल्यासाठी लिहिलेल्या भाषणांत सिसरोने एका गोष्टीवर आग पाखडली आहे : चौकशीवाचून एका रोमन नागरिकाला व्हेरेसने क्रुसावर चढविले होते.

इ. स. पू. ६३ मध्ये तो कॉन्सल या सर्वोच्च पदी चढला. कॅटिलाइनचा कट त्याने उघडकीस आणला, आणि ५ डिसेंबरला कटातील पाच जणांस तुरुंगातच गळा आवळून मारविले. ते रोमन नागरिक होते. रीतसर न्यायचौकशी झाली नव्हती. सीझरने जन्मठेप सुचविली होती. केटोच्या आग्रहाने सेनेटचे मत मृत्युदंडाकडे झुकले. संकट खरे होते, हे आम्ही नाकारीत नाही. तथापि व्हेरेसला लावलेला न्याय त्या दिवशी सिसरोने स्वतःस लावला नाही, असेच आम्हांस वाटते. इ. स. पू. ५८ मध्ये शत्रूंनी हेच शस्त्र उचलले. तो हद्दपार झाला, त्याचे घर पाडण्यात आले. पुढील वर्षी त्यास परत बोलाविले, पण पूर्वीचा दरारा आला नाही.

सीझरच्या अमदानीत त्याने तत्त्वज्ञानावर ग्रंथ लिहिले. इ. स. पू. ४४ मध्ये सीझरचा वध झाल्यावर मात्र साठी ओलांडलेला हा पुरुष पुन्हा उभा राहिला आणि अँटनीविरुद्ध त्याने चौदा भाषणे रचली. ती त्याच्या जिवावर बेतली. ७ डिसेंबर, इ. स. पू. ४३ रोजी फॉर्मीए येथे मारेकऱ्यांनी त्यास गाठले. त्याचे मस्तक व भाषणे लिहिणारा हात रोममध्ये वक्त्यांच्या व्यासपीठावर टांगण्यात आले.

इ. स. पू. ३० मध्ये अँटनीचा अंत झाला आणि सेनेटने त्याचे पुतळे उतरविले. त्या वर्षीच्या कॉन्सलांत सिसरोचा मुलगा मार्कस होता.