एक सिम, आठ जण

हॉस्टेलचे नेट गेले की आपण रेक्टर सरांकडे जातो. शिबिरात कोणाकडे जाणार? यंदा आमचे एन.एस.एस. शिबिर पांढरकवड्याकडे, टिपेश्वर अभयारण्याजवळच्या एका गावात होते. मुक्काम शाळेत, वर टिनपत्रे. आमच्या खोलीत आम्ही आठ जण आणि रेंज फक्त एकाच्या सिमला! त्यात एका मित्राच्या शिष्यवृत्तीच्या फॉर्मची मुदत त्याच रात्री बारा वाजता संपत होती. हॉटस्पॉट सुरू केला, सगळे जोडले गेले, आणि पाच मिनिटांत ओरड, "भाऊ, नेट चालूनच नाही राहिलं!"

एका सिमवर एवढे जण चालतात तरी कसे? हॉस्टेलचा पत्ता एकच, पण पार्सल बरोबर आपल्या खोलीत येते, कारण ऑफिसात रजिस्टर असते. हॉटस्पॉटवाला मोबाईल हेच करतो. तो प्रत्येकाला, बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा, घरगुती पत्ता देतो, बाहेर मात्र स्वतःचाच पत्ता सांगतो, आणि कोणी काय मागवले हे पोर्ट नंबरवरून लक्षात ठेवतो. याला नॅट म्हणतात. ३२ बिटांत पत्ते सुमारे ४२९ कोटीच होतात, ते पुरणार नाहीत हे दिसल्यावर १९९४ मध्ये ही युक्ती मांडली गेली.

पण रजिस्टरमुळे पार्सल वाढत नाहीत! वाटणी होते ती आहे त्याच नेटची. शिवाय वाय-फायच्या एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचे असते. दूर बसलेल्याचा मोबाईल हळू बोलतो, त्यामुळे सगळेच खोळंबतात. आमच्याकडे तर कोणी काही उघडले नव्हते, तरी ॲपचे अपडेट आणि फोटोंचा बॅकअप आपोआप सुरू होते.

खरी चूक वेगळीच होती. मोबाईल आम्ही मधोमध, पत्र्याखाली ठेवला होता, सगळ्यांना सारखा पडावा म्हणून. पत्रा रेडिओ लहरी अडवतो, टॉवरपर्यंत पोचायला मोबाईल जास्त जोर लावतो आणि बॅटरीही झपाट्याने उतरते. टॉवर काही किलोमीटरवर, आपण दहा पावलांवर. मग हलायचे कोणी? मोबाईल पॉवर बँकसकट कापडी पिशवीत घालून अंगणातल्या निंबाला टांगला. एक कांडी होती, तीन झाल्या. लॅपटॉप झाडाखाली आणला, त्यावर मीटर्ड कनेक्शन चालू करून अपडेट थांबवले, आणि बाकी सहा जणांना वाय-फाय बंद करायला लावले. (इथे थोडी भांडणं झाली.) लॅपटॉप एकच असेल तर सरळ यूएसबी केबल लावावी, वाय-फायची भानगडच नको. पण आमची केबल फक्त चार्जिंगची निघाली.

सव्वा अकराला फॉर्म गेला. पोचपावती सेव्ह झाली तसे सहाही जण पुन्हा जोडले गेले, आणि नेट परत रांगायला लागलं.