‘ब्रेक फेल झाला’ म्हणून मालक सुटत नाही

वाचकांचे प्रश्न : गाडी, कायदा आणि पैसा

प्रश्न : मी कात्रजला राहतो, नोकरी खेड शिवापूरच्या बाजूला आहे. गाडी नऊ वर्षांची पेट्रोल हॅचबॅक. परतताना बहुतेक वेळा जुना घाट उतरतो. सहकाऱ्याला वडगावला सोडायचं असेल तर नवीन बोगद्यातून नवले पुलाकडे येतो. वडील सांगतात, उतारावर न्यूट्रल टाक, पेट्रोल वाचतं. शेवटचं सर्व्हिसिंग दीड वर्षापूर्वी झालं, पण गाडी छान चालते. उद्या ब्रेक लागला नाही आणि कुणाला धडक बसली, तर इन्शुरन्स भरपाई देईल की माझ्यावर केस होईल?
– एक वाचक, कात्रज

उत्तर : दोन्ही होऊ शकतं. जखमी माणसाला विमा कंपनी पैसे देईल आणि तुमच्यावर गुन्हाही दाखल होईल. या दोन वाटा वेगळ्या आहेत हे आधी नीट समजून घ्या.

थर्ड पार्टी विमा समोरच्यासाठी असतो. मृत्यू किंवा इजा झाली तर भरपाईला वरची मर्यादा नाही, मालमत्तेच्या नुकसानीला साडेसात लाखांची आहे. कंपनी कोणत्या कारणांनी हात वर करू शकते याची यादी मोटार वाहन कायद्याच्या कलम १५० मध्ये दिली आहे : लायसन्स नसणं, दारू पिऊन गाडी चालवणं, अशी मोजकी कारणं. ब्रेक खराब होते हे कारण त्यात नाही. त्यामुळे तुमच्या निष्काळजीपणापायी पीडित कुटुंब उघड्यावर पडणार नाही, आणि ही तरतूद अत्यंत योग्य आहे असं मला वाटतं.

आता तुमची बाजू. याच कायद्याचं कलम १९० सांगतं की गाडीत धोकादायक दोष असेल आणि तो तुम्हाला माहीत असेल, किंवा साधी काळजी घेतली असती तर कळला असता, तरीही गाडी रस्त्यावर आणली, तर दीड हजार रुपये दंड. त्या दोषामुळे अपघात होऊन कुणाला इजा झाली किंवा नुकसान झालं तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार दंड किंवा दोन्ही. कुणाचा जीव गेला तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ लागतं. जुन्या कायद्यात निष्काळजीपणाने झालेल्या मृत्यूला दोन वर्षांपर्यंत शिक्षा होती, १ जुलै २०२४ पासून ती पाच वर्षांपर्यंत आहे.

“मला माहीतच नव्हतं” हा बचाव म्हणूनच अपुरा आहे. न्यायालय विचारतं, तुम्ही बघितलं होतं का? मिनू मेहता विरुद्ध बाळकृष्ण नयन या मुंबईतल्या ट्रक अपघाताच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्येच सांगून ठेवलं आहे की यांत्रिक बिघाडाचा बचाव घ्यायचा तर तो बिघाड सुप्त होता, वाजवी काळजी घेऊनही सापडला नसता, हे मालकानेच सिद्ध करायचं. अपघातातली गाडी आरटीओचा मोटार वाहन निरीक्षक तपासू शकतो. त्याच्या अहवालात ‘लायनर पूर्ण घासलेले’ एवढं वाक्य आलं आणि तुमच्याकडे दीड वर्षांत एकही बिल नाही, तर वकील कितीही चांगला असला तरी काय करणार?

तुमच्या स्वतःच्या गाडीचं नुकसान हा तिसरा मुद्दा. पॅकेज पॉलिसीत एक अट छापलेली असते : मालकाने गाडी सुस्थितीत ठेवण्यासाठी सर्व वाजवी उपाय करावेत. शिवाय झीज आणि यांत्रिक बिघाड पॉलिसीत येत नाहीत. म्हणजे धडकेने बॉनेट चेपलं तर ते येतं, घासलेला ब्रेक पॅड येत नाही. जे येतं त्यातूनही घसारा कापला जातो. तुमच्या नऊ वर्षांच्या गाडीला धातूच्या भागांवर ४० टक्के आणि प्लॅस्टिक-रबरावर ५० टक्के. झिरो डेपचं कलम घेतलेलं नसेल, तर मोठ्या अपघातात खिशातून बरीच रक्कम जाईल.

आता न्यूट्रलबद्दल. वडिलांचा अनुभव कार्ब्युरेटरच्या काळातला असावा. तुमच्या गाडीत फ्युएल इंजेक्शन आहे. गाडी गिअरमध्ये ठेवून अॅक्सिलरेटरवरून पाय काढला की उतारावर चाकंच इंजिन फिरवतात आणि संगणक इंजेक्टर बंद करतो, पेट्रोल जवळजवळ शून्य लागतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन स्वतःच्या जोरावर चालू राहतं, त्यासाठी पेट्रोल जळत राहतं. म्हणजे बचत होतच नाही. वर इंजिनचा आवर सुटतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. सलग दाबून ब्रेक तापतात, पकड कमी होते. इंजिन बंद केलं तर आणखी वाईट. ब्रेकला जोर देणारा बूस्टर इंजिनच्या व्हॅक्युमवर चालतो, दोन-तीनदा पेडल दाबलं की तो साठा संपतो आणि पेडल दगडासारखं घट्ट होतं. स्टिअरिंगही जड होतं.

२० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री नवले पुलाजवळ एका ट्रकने अनेक गाड्या उडवल्या. चालकाने उतारावर इंजिन बंद केलं होतं, असं पोलिसांच्या प्राथमिक तपासात पुढे आलं. त्याच पट्ट्यात १३ नोव्हेंबर २०२५ ला कंटेनरने गाड्यांना धडक दिली, आग लागली, आठ माणसं गेली. त्या उतारावर मागून येणाऱ्या अवजड गाडीचं तुमच्या हातात काही नाही. तुमची गाडी तुम्हाला हवी तिथे थांबते का, तिचे मागचे लाल दिवे पेटतात का, हे मात्र पूर्ण तुमच्या हातात आहे. म्हणून घाट असो वा बोगद्यानंतरचा उतार, उतार सुरू होण्याआधीच गिअर खाली घ्या आणि ब्रेक थोडा दाबा, सोडा, पुन्हा दाबा.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये करता येईल अशी एक तपासणी सांगतो. इंजिन बंद ठेवून ब्रेक पेडल चार-पाच वेळा दाबा, ते घट्ट होईल. आता पाय तसाच दाबून ठेवा आणि गाडी सुरू करा. पेडल किंचित खाली गेलं पाहिजे. गेलं नाही तर बूस्टरमध्ये गडबड आहे. मग इंजिन चालू असताना एकसारखा दाब देऊन अर्धा मिनिट थांबा. पेडल हळूहळू तळाला जात असेल तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडर गेलाय. त्या दिवशी गाडी बाहेर काढू नका, मेकॅनिकला घरी बोलवा.

पुढे बॉनेट उघडा. ब्रेक ऑईलची पारदर्शक डबी बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या बाजूला, काचेजवळ असते. पातळी ‘मिन’ आणि ‘मॅक्स’च्या मध्ये हवी. ती उतरली असेल तर नुसतं ऑईल ओतून मोकळे होऊ नका. पॅड घासले की पिस्टन पुढे सरकतो आणि पातळी आपोआप उतरते, म्हणजे ती पॅड संपत आल्याची खूण असते. हे ऑईल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ३ प्रतीचं ताजं ऑईल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी धरलेल्याला तो आकडा १४० पर्यंत उतरू शकतो. घाटात ऑईलला उकळी आली की नळीत बुडबुडे होतात आणि पाय पोकळीत गेल्यासारखा जातो. म्हणून साधारण दोन वर्षांनी ते पूर्ण बदलायचं. तुमच्या गाडीचं नेमकं अंतर मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं.

टायरच्या खोबणीत मध्ये मध्ये रबराचे छोटे उंचवटे असतात. नक्षी घासून त्यांच्या बरोबरीला आली की खोली १.६ मिलिमीटर उरली. कारसाठी तीच कायदेशीर किमान मर्यादा आहे. पावसाळ्याआधी मात्र मी एवढी वाट पाहणार नाही. टायरवर चार आकड्यांचा शिक्का असतो. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. गाडी कमी फिरली तरी रबर जुनं होतं, म्हणून बाजूच्या भिंतीवर चिरा दिसतात का पाहा. हवा सकाळी टायर गार असताना, दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे भरा. स्टेपनीचीही. मागचे दिवे तपासायला गाडी भिंतीजवळ उलटी लावून ब्रेक दाबा. हॉर्न, वायपर, सीटबेल्ट हे बघायला वेगळा वेळ लागत नाही.

एवढं केल्यावरही गॅरेज टळत नाही. दीड वर्ष म्हणजे उशीर झाला आहे, या आठवड्यात जा. चारही चाकं काढून पॅड, लायनर आणि नळ्या बघायला सांगा. आणि पक्कं बिल घ्या. तारीख, किलोमीटर, बदललेला भाग, सगळं त्यावर यायला हवं. जीएसटी वाचवायला कच्च्या चिठ्ठीवर काम करून घेणारे पुष्कळ आहेत. वाहनांच्या सुट्या भागांवरचा २८ टक्के दर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झाला आहे, तेव्हा तो मोहही आता सोडायला हरकत नाही. कलम १९० मधली ‘साधी काळजी’ तुम्ही घेतली होती याचा पुरावा तेच बिल आहे. ते जपून ठेवा.

प्रश्न : गाडी दोन वर्षांची, वॉरंटीत आहे. अधिकृत सर्व्हिस सेंटरचं बिल दर वेळी अंदाजापेक्षा बरंच वाढतं. ओळखीच्या गॅरेजला नेली तर वॉरंटी संपेल, असं ते सांगतात. खरं आहे का?
– एक वाचक, आंबेगाव बुद्रुक

उत्तर : सरसकट खरं नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि तांत्रिक माहिती बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नाहीत, हा मुख्य आक्षेप होता. बाहेर काम केलं म्हणून सगळी वॉरंटी रद्द, अशी सरधोपट अट घालू नये, बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारावी, असंही त्या आदेशात म्हटलं होतं. कंपन्या त्याविरुद्ध अपिलात गेल्या.

व्यवहाराचं सांगायचं तर वॉरंटी असेपर्यंत मॅन्युअलमधली ठरावीक सर्व्हिसिंग अधिकृत ठिकाणीच करा. उद्या गिअरबॉक्सचा मोठा क्लेम आला तर वाद घालत बसावं लागणार नाही. टायर, बॅटरी, वायपर, अलाइनमेंट खुशाल बाहेर करा. बिल वाढतं ते बहुधा यादीबाहेरच्या कामांनी : इंजिन फ्लश, डीकार्बनायझिंग, एसीची फवारणी, कोटिंग. गाडी देताना मॅन्युअलचं पान उघडून दाखवा, त्यातलं जेवढं आज लागू आहे तेवढंच जॉबकार्डवर लिहायला लावा, आणि ‘फोनवर विचारल्याशिवाय जादा काम करू नये’ असं स्वतःच्या हाताने लिहून सही करा. जुने भाग परत मागा. पैसे वाचवताना ब्रेक, टायर आणि स्टिअरिंग यांना मात्र हात लावू नका.

न केलेल्या कामाचे पैसे लावले असतील तर आधी लेखी तक्रार, मग १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मग जिल्हा ग्राहक आयोग. मुदत दोन वर्षं. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही.

प्रश्न : आमची सोसायटी आंबिल ओढ्यालगत आहे. २०१९ च्या पुरात शेजाऱ्यांची गाडी बुडाली, इंजिनचा क्लेम नाकारला गेला. आता पावसाळ्यात काय काळजी घ्यावी?
– एक वाचक, अरण्येश्वर परिसर

उत्तर : २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या डोंगरातून आलेल्या पाण्याने ओढ्याकाठी काय केलं ते तुम्ही जवळून पाहिलं आहे. पूर हा धोका पॅकेज पॉलिसीत येतो, नुसत्या थर्ड पार्टीत येत नाही. घोळ इंजिनचा होतो. बुडालेली गाडी सुरू करायचा प्रयत्न केला की पाणी सिलिंडरमध्ये ओढलं जातं. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो. कंपनी म्हणते, हे पुराने नाही, गाडी सुरू केल्यामुळे झालं, आणि क्लेम अडतो. म्हणून चावीला हात लावू नका. पाण्याची पातळी दिसेल असे फोटो काढा, कंपनीला त्याच दिवशी कळवा, गाडी टो करूनच हलवा आणि सर्व्हेअरने पाहण्याआधी काही खोलू देऊ नका. तुमच्या भागात इंजिन प्रोटेक्शनचं जादा कलम घेणं मला आवश्यक वाटतं. ते साधारणपणे नूतनीकरणाच्या वेळी मिळतं, ढग दाटून आल्यावर मागून उपयोग नाही.

गाडी फक्त चाकांपर्यंत पाण्यात होती तरी ब्रेक, बेअरिंग आणि वायरिंग तपासून घेतल्याशिवाय चालवू नका.

प्रश्न : अपघात झाला तेव्हा पीयूसी संपलेलं होतं. एजंट म्हणतो क्लेम मिळणार नाही.
– एक वाचक, कोंढवा

उत्तर : एजंट चुकतोय. पीयूसी नसल्यामुळे क्लेम नाकारता येतो ही समजूत दिशाभूल करणारी आहे, असा खुलासा विमा नियामक इर्डाने ऑगस्ट २०२० मध्येच केला आहे. दंड वेगळा. प्रदूषणाचे निकष मोडल्याबद्दल कायद्यात दहा हजारांपर्यंत दंड आहे, तेव्हा पीयूसी लगेच काढा. बीएस-४ आणि बीएस-६ गाड्यांना ते वर्षभर चालतं.

क्लेम थेट कंपनीकडे लेखी दाखल करा, एजंटाच्या तोंडी उत्तरावर थांबू नका. नकार आला तर तोही कारणासह लेखी मागा. मग कंपनीच्या तक्रार विभागाकडे अर्ज करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. त्यांचं कार्यालय पुण्यातच, नारायण पेठेत आहे. शुल्क नाही, वकील लागत नाही. कंपनीच्या अंतिम नकारापासून एका वर्षाच्या आत अर्ज पोहोचला पाहिजे.