आभाळाकडं नको, आकड्याकडं बघा

आमच्या शिरोळ तालुक्यात महापूर पुष्कळदा उन्हात येतो. गावात पावसाचा थेंब नाही, अंगणात वाळवण घालावं असं ऊन पडलंय आणि मळीतल्या उसाचे शेंडे पाण्याखाली जातायत. परगावच्या पाहुण्याला हे खरं वाटत नाही. पण पुराचं पाणी आमच्यावर पडलेलं नसतंच. ते पडतं गगनबावड्याला, राधानगरीला, कोयनेच्या खोऱ्यात, महाबळेश्वरला. तिथं वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. आमच्याकडं त्याचा दहावा वाटा पडला तरी साल बरं गेलं म्हणायचं.

त्यात नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. कृष्णा तुडुंब असली की पंचगंगेला आत शिरायला वाव नसतो. पाणी थोपतं, सपाट रानात मागं मागं पसरतं. म्हणून कोल्हापुरात पाणी उतरायला लागलं तरी आमच्याकडं ते चढतच असतं. ‘कोल्हापूर उतरलं’ एवढ्या बातमीवर शिरोळकरानं माळ्यावरचं सामान खाली काढू नये.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या गल्लीला सगळ्यात महागात पडली ती भिंतीवरची एक रेघ. २००५ च्या पुराचं पाणी जिथवर आलं होतं तिथं ती मारलेली. जाणती माणसं तिच्याकडं बोट दाखवून सांगायची, ‘याच्यावर पाणी चढत नाही.’ त्या भरवशावर कुणी धान्याची पोती रेघेच्या वर हातभर उंचीवर रचली, कुणी म्हातारी माणसं माडीवर ठेवली. त्या साली सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, २००५ पेक्षा तीन फुटांहून जास्त. आमची रेघ बुडाली, पोती बुडाली आणि माडीवरच्या माणसांना खिडकीतून नावेत घ्यावं लागलं. दोनच वर्षांनी, २०२१ च्या जुलैत, पंचगंगेनं कोल्हापुरात २०१९ चीही पातळी ओलांडली. जुनी खूण एवढंच सांगते, की पाणी निदान इथवर येऊ शकतं. त्याच्या वर येणार नाही, असं ती सांगत नाही.

तेव्हापासून गावातली तरणी पोरं माझ्याकडं येतात ती आकडे समजून घ्यायला. त्यांना सांगतो तेच इथं लिहितो.

पहिला आकडा पातळीचा. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याला ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी. सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४० आणि ४५. प्रत्येक ठिकाणच्या मोजपट्टीचा शून्य वेगळा, त्यामुळं कोल्हापूरचे ४३ आणि सांगलीचे ४३ एक नव्हेत. आणि हे फूट नदीचे असतात, तुमच्या दारातले नव्हेत.

दुसरा आकडा वाढीचा, आणि माझ्या लेखी तोच मोठा. तासाला दोन इंच ऐकायला किरकोळ वाटतं. दिवसाला ते चार फूट होतात. संध्याकाळी गोठ्याबाहेर असलेलं पाणी पहाटे दावणीत असतं.

तिसरा आकडा धरणाचा. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर पाणी. एक लाख क्युसेकचा विसर्ग दिवसभर चालला की साडेआठ टीएमसीहून, म्हणजे साडेआठ अब्ज घनफुटांहून, जास्त पाणी खाली येतं. धरण किती भरलंय हेही बघावं. निम्मं रिकामं धरण पाऊस पोटात घेतं. काठोकाठ भरलेलं धरण आलेलं पाणी खाली सोडतं. राधानगरीचे सात दरवाजे तर स्वयंचलित आहेत. तलाव भरला की ते आपोआप उघडतात, रात्र असो वा दिवस. राधानगरी भरलेली, कोयनेतून विसर्ग चालू आणि घाटमाथ्यावर पाऊस लागून राहिलेला, अशा तिन्ही गोष्टी जुळल्या की गावात लख्ख ऊन असलं तरी दावी सोडायची तयारी करावी. हवामान खात्याचा इशारा वाचतानाही जिल्ह्याच्या घाट विभागाला कोणता रंग दिलाय ते बघा. आपल्या गावावर पिवळा आणि घाटावर लाल असेल, तर आपल्यासाठी लालच.

आता यातून स्वतःचा आकडा काढा. मागच्या पुरात तुमच्या गावाबाहेरचा रस्ता बुडाला तेव्हा जवळच्या मोजपट्टीवर किती फूट होते, ते चार जणांना विचारून वहीत लिहा. घर कधी बुडालं ते दुय्यम. घराच्या कितीतरी आधी रस्ता जातो, ओढ्यावरचा पूल जातो, आणि मग घर कोरडं असूनही माणूस अडकतो. त्या आकड्याच्या दोन-तीन फूट अलीकडं बाहेर पडायचं. आधी म्हातारी माणसं, आजारी, गरोदर बायका आणि लेकरं, त्यांच्यासोबतच जनावरं. जनावराला नावेत जागा नसते आणि त्याच्या पायी कितीतरी शेतकरी गाव सोडत नाहीत, हे ध्यानात ठेवून म्हशी उजेडी आणि रस्त्यानं न्याव्यात.

नावेची वेळ येऊ न देणं हेच उत्तम. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला बचावाची नाव उलटली आणि माणसं बुडाली. नावेत क्षमतेपेक्षा जास्त लोक होते. वेळ आलीच, तर ‘ही शेवटची फेरी’ म्हणून कुणी कितीही घाई केली तरी भरल्या नावेत पाय घालू नका. वाहत्या पाण्यात गुडघाभर खोलीतही पाय उखडतो, आणि दोन फूट पाणी चारचाकीला उचलतं.

निघताना मेन स्विच बंद, गॅसची टाकी बंद करून बांधलेली, सातबारा आणि रेशनकार्ड प्लास्टिकमध्ये गुंडाळून सोबत. पिण्याचं पाणी भरून घ्या. चहूकडं पाणी असताना नळ मात्र कोरडे पडतात, कारण पाणी उपसणारे पंपच बुडालेले असतात.

पाणी ओसरल्यावरचा धोका वेगळा. मातीची भिंत पुरात उभी राहते आणि ऊन पडून वाळताना बसते, म्हणून जुन्या घरात लगेच मुक्काम नको. कपाटामागं, सरपणात साप असतात. आधी काठी, मग हात. वायरमननं बघितल्याशिवाय बटण दाबू नये. विहिरीचं पाणी क्लोरिन टाकून, उकळूनच प्यावं. पायाला जखम असताना चिखलात उतरू नये. उतरावं लागलं आणि पुढं ताप आला, तर लेप्टोस्पायरोसिसची शंका डॉक्टरांना बोलून दाखवावी. पंचनाम्यासाठी फोटो मात्र चिखल उपसण्याआधी काढा.

नवीन घर बांधणाऱ्यांनी पाटबंधारे खात्याचा पूररेषेचा नकाशा आधी बघावा. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकेल असा पूर, लाल म्हणजे शंभर वर्षांतला. यातल्या ‘वर्षांतून एकदा’ या शब्दांवर विसंबू नका. तो शक्यतेचा हिशेब आहे, पाळी नव्हे. दोन महापुरांमध्ये दोन वर्षांचंही अंतर पडू शकतं, हे आम्ही भोगलंय.