सोनूला पत्र

पुणे

चि. सोनू,


परवा फोनवर म्हणालीस, "आत्या, माझ्याच आकड्यांत काहीतरी चुकलं असणार." तुझे सर इतकी वर्षं जे सांगत आले, त्याच्या उलट तुझी पाहणी निघाली, म्हणून चूक तुझी! आणि लगेच पुढे म्हणालीस, कॅसच्या बढतीसाठी दोन पेपर कमी पडतायत, पैसे भरले की आठवड्यात छापून देणारं कुणीतरी भेटलंय. या दोन गोष्टी मला वेगळ्या वाटत नाहीत. आपल्या कामावर भरवसा उरला नाही की माणूस शिक्का विकत घ्यायला निघतो.

तो बाजार काय आहे ते आपल्याच विद्यापीठातल्या भूषण पटवर्धनांनी सहकाऱ्यांबरोबर २०१८ साली 'करंट सायन्स'मध्ये मांडलं होतं. विद्यापीठांच्या शिफारशीने यूजीसीच्या यादीत आलेली जी नियतकालिकं त्यांनी तपासली, त्यांतली ८८ टक्क्यांहून जास्त निकृष्ट निघाली. तिथे लिहिणारे सगळे काही लबाड नव्हते गं. पण पहिला पेपर असा काढला की दुसऱ्याला हात कचरत नाही.

याच्या उलट बघ. इरावतीबाई कर्वे बर्लिनला पीएच. डी.ला गेल्या, तेव्हा तुझ्याहून लहान होत्या. मार्गदर्शक ऑयगेन फिशर, मानववंशशास्त्रातलं मोठं प्रस्थ. कवटीच्या दोन बाजू सारख्या नसतात, या गोष्टीचा वंशाच्या श्रेष्ठतेशी संबंध आहे असं त्यांचं म्हणणं. बाईंनी दीडशेच्या आसपास कवट्या मोजल्या. तसा संबंध त्यांना सापडला नाही, आणि प्रबंधात त्यांनी तेच लिहिलं. परका देश, परकी भाषा, पदवी त्याच माणसाच्या हातात. गुण अगदी कमी मिळाले, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. पुढे फिशरांच्या विचारांचा नाझींच्या वंशकायद्यांना आधार झाला. बाई मात्र १९३९ साली येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात रुजू झाल्या, गावोगाव हिंडून माणसं मोजत, नाती विचारत राहिल्या, आणि १९५३ साली भारतातल्या नातेसंबंधांवरचा त्यांचा ग्रंथ आला. मला वाटतं, त्या ग्रंथाचं बळ बर्लिनच्या त्या मोजणीत आहे. एकदा हाताने मोजलेलं खरं मानलं, म्हणून पुढची तीस-चाळीस वर्षं त्यांना काम सुचत गेलं.

भांडारकर संस्थेत महाभारताची मूळ संहिता शोधताना सुखटणकरांनीही हेच केलं. व्यासांनी सांगितलं आणि गणपतीने लिहून घेतलं ही गोष्ट घराघरांत ठाऊक. पण हस्तलिखितांच्या साक्षीने ती मूळ संहितेत बसेना, म्हणून त्यांनी ती परिशिष्टात ठेवली.

आता माझं सांगते, आजवर कुणाला सांगितलेलं नाही. एम. फिल.ला मी मंडईतल्या भाजीवाल्या बायकांच्या कर्जावर काम केलं. माझ्या मार्गदर्शकांचं गृहीतक होतं की कर्ज लग्नकार्यांसाठी होतं. बायका सांगत होत्या पहाटेच्या मालाचं, मुलांच्या फीचं. मी ते प्रकरण गाळलं. पदवी मिळाली, नोकरी लागली. त्यानंतर मी नवं काही लिहिलंच नाही. वेळ नव्हता, असं सगळ्यांना सांगत आले. खरं कारण असं की वही उघडली की त्या बायका दिसायच्या. त्यांतल्या बऱ्याच जणी आता नाहीत, आणि त्यांनी मला विश्वासाने सांगितलेलं कुठेही छापलेलं नाही.

म्हणून हट्टाने तुझंच खरं धर, असं मात्र मी म्हणत नाही. दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्याच्या टेकड्या पायी पालथ्या घालून अश्मयुगीन गारगोट्या वेचणारे, हजारो नाणी स्वतः तराजूत तोलणारे. त्यांनीच गणितातलं रीमानचं गृहीतक सिद्ध केल्याचा दावा शेतीच्या संख्याशास्त्राच्या नियतकालिकात छापला आणि तो टिकला नाही. तिथे तो तपासू शकेल असं कोण होतं? तुझे आकडे आधी तुझ्या सरांनाच दाखव. चूक असेल तर तेच दाखवतील; नसेल तर तेही त्यांना दिसू दे.

त्या छापून देणाऱ्याला नाही म्हणून कळव. कॅस सहा महिने पुढे गेली तर जाऊ दे. रविवारी सगळ्या प्रश्नावल्या घेऊन ये, टेबल रिकामं करून ठेवते. एकेक आकडा तू वाच, मी टिपते. माझी मंडईची वहीही काढून ठेवली आहे. तीही बघ.

तुझी,
आत्या