सेरेंगेटीच्या माळावर

पूर्व आफ्रिकेतील स्वाहिली भाषेत प्रवासाला 'सफारी' म्हणतात. आपल्या 'सफर' या शब्दाचे हे भावंडच होय. दोहोंचे मूळ अरबी आहे. एके काळी सफारी म्हणजे बंदुका, तंबू आणि ओझेवाल्यांचा तांडा घेऊन शिकारीस निघणे. आता प्रवाशाच्या हाती दुर्बीण असते, आणि मोटारीचे छप्पर वर उचलून तो उभ्याउभ्याच रान न्याहाळतो.

टांझानियातील अरुषा शहराहून निघालेला रस्ता चढत चढत न्गोरोंगोरोच्या काठावर येतो. फार पुरातन काळी एक ज्वालामुखी आत ढासळला आणि ६०० मीटर खोल व १६ किलोमीटरांहून अधिक रुंद अशी ही प्रचंड कढई तयार झाली. तिच्या तळाशी गवत, तळी आणि झाडी असून गेंडे, सिंह, हत्ती तेथे नांदतात. हा काठ ओलांडून मोटार पश्चिमेस उतरली, की झाडे विरळ होत जातात आणि शेवटी नुसते गवत उरते. मसाई लोकांनी या मुलखाला दिलेल्या नावाचा अर्थच अफाट माळ असा आहे. त्या नावावरून 'सेरेंगेटी' हे नाव रूढ झाले. येथील राष्ट्रीय उद्यान १९५१ साली स्थापन झाले.

या माळावर जानेवारी ते मार्च या महिन्यांत दिसणारे दृश्य विलक्षण असते. नजर पोहोचेल तेथवर वाइल्डबीस्ट पसरलेले असतात. हा प्राणी हरणांच्या कुळातला. परंतु तोंडावळा गाईचा, दाढी बोकडाची आणि शेपूट घोड्याची. देखणा म्हणावा असा तो मुळीच नाही! जुन्या ज्वालामुखींच्या राखेने कसदार झालेले येथील आखूड गवत दुभत्या माद्यांना मानवते, म्हणून त्या येथेच वितात. बहुतेक वासरे दोनतीन आठवड्यांच्या आतच जन्मतात आणि जन्मल्यावर काही मिनिटांत उभी राहून आईमागे धावू लागतात. तरस टपलेलेच असतात. परंतु एकाच वेळी एवढी वासरे जन्मल्यामुळे त्यांतली पुष्कळशी वाचतात. पुढे पाऊस सरला, गवत वाळले, की सारा समुदाय वायव्येस निघतो. झेब्रे उंच, राठ गवत खातात, वाइल्डबीस्ट त्याखालचे मऊ पाते खुडतात आणि मागून येणारी लहान हरणे नव्या कोंबांवर तुटून पडतात. जुलैच्या सुमारास वाटेत मारा नदी आडवी येते. पलीकडे केनियाचे मसाई मारा रान आहे. मगरींनी भरलेल्या त्या पाण्यात कळप उड्या टाकतात. कित्येक बुडतात, कित्येक मगरींच्या तोंडी जातात, उरलेले पैलतीर गाठतात.

हे पाहणाऱ्याला वाटते, सृष्टीच्या आरंभापासून हे असेच चालत आले असावे. वस्तुस्थिती तशी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बुळकांडी ही गुरांची साथ पूर्व आफ्रिकेत शिरली. इटलीच्या फौजेसाठी परदेशातून, बहुधा हिंदुस्थानातूनच, आणलेल्या गुरांबरोबर ती आली असे मानतात. पाहता पाहता मसाई लोकांची बहुतेक गुरे मेली. ज्यांचे दूध आणि रक्त हाच आहार, ती जनावरेच गेल्यावर माणसेही अन्नावाचून मेली. वाइल्डबीस्ट आणि रानरेडे यांचेही तेच झाले. साथीचा पहिला लोंढा ओसरला, पण रोग हटला नाही. आईच्या दुधाने वासरांना काही महिने संरक्षण मिळे. ते संपले, की दरवर्षी त्यांतली असंख्य वासरे दगावत.

बेर्नहार्ड ग्रझिमेक हे जर्मन प्राणिशास्त्रज्ञ आपला मुलगा मिखाएल याच्यासह १९५८ साली विमानातून या कळपांची मोजदाद करू लागले, तेव्हा परिस्थिती अशी होती. विमानावर झेब्र्यासारखे पट्टे रंगवले होते. त्यांच्या मोजणीत वाइल्डबीस्ट एक लाखही भरले नाहीत. १० जानेवारी १९५९ रोजी एका गिधाडाशी टक्कर होऊन ते विमान कोसळले आणि मिखाएल मृत्यू पावला. न्गोरोंगोरोच्या काठावर त्याची समाधी आहे. १९८७ साली वारलेल्या त्याच्या पित्याच्या अस्थीही तेथेच ठेवल्या आहेत.

पुढे अधिक काटेकोर गणती झाली, तेव्हा १९६१ साली हा आकडा अडीच लाखांच्या आसपास निघाला. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस तो तेरा लाखांच्या घरात गेला! एवढी वाढ कशाने झाली? उद्यानात कोणी काही केले म्हणून नव्हे. सभोवतालच्या मुलखातील गुरांना १९५० नंतर बुळकांडीची लस टोचण्यात येऊ लागली. केनियातील मुगुगा येथे वॉल्टर प्लाउराइट यांनी अधिक निर्धोक व स्वस्त लस सिद्ध केली. गुरांमधील रोग आटोक्यात येताच, वाइल्डबीस्टांना कोणी हातही न लावता, त्यांच्यातूनही तो नाहीसा झाला. रोगाचे बीज रानात टिकून आहे असा समज होता. ते टिकले होते गोठ्यात. कळप वाढले तसे गवत आखूड राहू लागले, वणवे कमी झाले आणि त्या वणव्यांत जळून जाणारी झाडांची रोपे वाढू लागली. सिंहांनाही शिकार मुबलक झाली. २०११ साली बुळकांडीचे जगातून उच्चाटन झाल्याचे जाहीर करण्यात आले.

या कथेत एक सल मात्र राहिला. ज्यांची गुरे निरोगी झाल्याने रान भरले, त्या मसाई लोकांना ब्रिटिश अमलात, १९५९ साली, सेरेंगेटी सोडून न्गोरोंगोरोच्या मुलखात जावे लागले. उद्यानाच्या हद्दीत त्यांना गुरे चारता येत नाहीत. न्गोरोंगोरोच्या मुलखात राहण्याची त्यांना मुभा मिळाली. पण तेथेही कोठे राहावे, कोठे चारावे, यावरून सरकारशी त्यांचे तंटे चालत आले आहेत.

सेरेंगेटी पाहून परतणाऱ्या मोटारी फाटकाबाहेर पडतात, तेव्हा त्यांना पुष्कळदा थांबावे लागते. लाल वस्त्र पांघरलेला एखादा मुलगा हाती लांब काठी घेऊन गुरे रस्त्यापलीकडे हाकीत असतो. गुरे सावकाश जातात. प्रवाशांचे कॅमेरे तोवर पिशव्यांत गेलेले असतात.