पित्ताशयातील खडे : दुखणे ओळखा, विलंब टाळा

‘पित्त झाले’ हे दोन शब्द आपल्याकडे फार सहजपणे उच्चारले जातात. आंबट ढेकर, छातीतील जळजळ, डोकेदुखी या साऱ्यांना आपण पित्तच म्हणतो व दुकानातून गोळी आणून मोकळे होतो. पित्ताशयातील खड्यांचे दुखणे नेमके याच नावाखाली दडून राहते. शहागड परिसर व गोदावरीपलीकडील गेवराई भागातील नातेवाइकांकडून ही हकीकत आम्ही वारंवार ऐकतो. म्हणून यंदा हा विषय घेतला आहे.

यकृतात तयार होणारे पित्त त्याखालील लहान पिशवीत, म्हणजे पित्ताशयात, साठते. तेथे ते घट्ट होऊन खडे बनतात. तेलकट-तुपकट जेवणानंतर पिशवी आकुंचन पावते. खडा तिच्या तोंडाशी अडकल्यास उजव्या बरगडीखाली तीव्र कळ येते, ती पाठीत वा उजव्या खांद्यात जाते व कधी काही तास टिकते. उपाशीपोटी केलेल्या सोनोग्राफीत हे खडे बहुधा दिसतात.

खडे असूनही त्रास नसल्यास बहुतेकांना शस्त्रक्रिया लागत नाही. कळ वारंवार येत असल्यास मात्र पित्ताशय काढणे हाच खात्रीचा उपाय होय; मुतखड्याप्रमाणे भरपूर पाणी पिऊन हे खडे पडत नाहीत. पित्ताशय काढल्यावरही पित्त यकृतातून थेट आतड्यात उतरते व पचन चालू राहते. दुर्बिणीद्वारे ही शस्त्रक्रिया भारतात प्रथम डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी १९९० साली मुंबईच्या जे. जे. या सरकारी रुग्णालयात केली. आज या पद्धतीने रुग्ण बहुधा एक-दोन दिवसांत घरी जातो.

थंडी-ताप, पिवळे डोळे, गडद लघवी, सततच्या उलट्या वा न थांबणारी कळ दिसताच त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. खडा पित्तनलिकेत अडकून झालेली कावीळ झाडपाल्याने उतरत नाही. स्वादुपिंडाला सूज आल्यास प्रसंग जिवावर बेतू शकतो.

अनेकजण खर्चाच्या धास्तीने थांबतात. वस्तुतः विलंबाने आलेल्या रुग्णाचा खर्च व धोका दोन्ही वाढतात. कायद्यान्वये धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत व १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने राखीव असतात. शिधापत्रिका व उत्पन्नाचा दाखला घेऊन निःसंकोच चौकशी करावी. देणगीदारांचे दान रुग्णापर्यंत वेळेत पोहोचावे, हीच आमची विनंती.