टीव्ही ‘चालू आहे’ म्हणाला तरी

वहिनी सांगत होती, तुला हल्ली टीव्ही बघायचे पैसे मिळतात. असू दे, बाळा, तिचा गैरसमज दूर करायला जाऊ नकोस, माझ्या आईचाही शेवटपर्यंत झाला नाही. व्हिडिओ खरंच चालतोय का, हे माणसाऐवजी प्रोग्रॅमने तपासायचं, याच कामात तुझ्या आत्याचे केस पांढरे झालेत. तेव्हा हे खिशात ठेव.

१. प्ले केल्याकेल्या ‘पॉज्ड’ फॉल्स झालं म्हणून लगेच ‘पास’ लिहू नकोस – पहिली फ्रेम दिसायच्या आधीच ते बदललेलं असतं. हाकेला ओ आली म्हणजे पाहुणा निघाला असं नव्हे.

२. ‘करंटटाइम’ दोनदा वाच, मध्ये पाचेक सेकंद जाऊ दे आणि फरक खऱ्या घड्याळाशी ताडून बघ – पाच सेकंदांत आकडा दोननेच सरकला, तर व्हिडिओ अडखळतोय. ‘टाइमअपडेट’ इव्हेंटवर मात्र बारीक मोजमाप बेतू नकोस, तो पाव सेकंदाच्या अंतरानेही येऊ शकतो.

३. घड्याळ चाललं म्हणजे चित्र चाललं नव्हे. वेळेचा आकडा बहुतेकदा आवाजाच्या चालीवर पुढे जातो – चित्राचा डीकोडर गोठला, तरी गाणं वाजत राहतं आणि तुझी टेस्ट खुशाल हिरवी होते. म्हणून ‘गेटव्हिडिओप्लेबॅकक्वालिटी’ला एकूण फ्रेम किती आणि गळलेल्या किती, हेही दोनदा विचार. सेकंदाला २५ फ्रेमचा व्हिडिओ असेल, तर दहा सेकंदांत आकडा अडीचशेच्या आसपास वाढायला हवा. पण आधी तपासायच्या टीव्हीच्या मॉडेलवर एक धडधाकट व्हिडिओ लावून हा आकडा हलतो तरी का, ते बघून घे – काही संचांवर डीकोडिंग ब्राउझरच्या बाहेर होतं आणि इथे नुसतं शून्य दिसतं. मापाने मोजण्याआधी मापच मोजावं.

४. स्क्रीनशॉट काळा आला म्हणून बग नोंदवायला धावू नकोस. टीव्हीत व्हिडिओचा थर वेगळा असतो, ॲपच्या थराला भोक पाडून तो दाखवतात, आणि स्क्रीनशॉट पुष्कळदा फक्त ॲपचा थर घेतो – वर डीआरएमवाला व्हिडिओ असला, तर चित्र हाती लागूच दिलं जात नाही. खरी साक्ष हवी तर टीव्हीसमोर कॅमेरा लाव आणि प्रत्येक फ्रेमवर क्यूआर कोड छापलेला चाचणी-व्हिडिओ चालव. सीटीए वेव्हची चाचणी याच रीतीने चालते: पडद्याचं चित्रण करायचं आणि कोड वाचून कुठली फ्रेम गळली ते शोधायचं. संचातलं ‘मोशन स्मूदिंग’ आणि खोलीच्या उजेडाप्रमाणे पडदा मंद करणारी सोय तेवढी बंद कर – पहिली मधल्या फ्रेम स्वतःच बनवून घालते, दुसरी संध्याकाळी कोड पुसट करते.

५. चित्रण झालं की एफएफएमपेगचे ‘फ्रीझडिटेक्ट’ आणि ‘ब्लॅकडिटेक्ट’ लाव, पण त्यांचा शब्द अंतिम मानू नकोस – सिनेमातली स्थिर पाटी पहिल्याला गोठलेलीच वाटते.

६. प्रत्येक घरची बोली वेगळी, ती शीक. सॅमसंगच्या टायझनवर ‘एव्हीप्ले’ वेळ मिलिसेकंदांत सांगतो, एचटीएमएलचा व्हिडिओ सेकंदांत. रोकू ८०६० पोर्टवर प्लेअरची अवस्था आणि वेळ सांगतो. अँड्रॉइड टीव्हीवर ‘डम्पसिस मीडिया_सेशन’मध्ये ३ म्हणजे चालू, २ म्हणजे थांबलेला, ६ म्हणजे बफरिंग, पण त्यातली ‘पोझिशन’ जशीच्या तशी घेऊ नकोस – ती शेवटच्या नोंदीच्या क्षणाची असते, पुढची वेळ वेगावरून आपण काढायची. नाहीतर उत्तम चाललेला व्हिडिओ तुला थिजलेला वाटेल.

७. कोडमध्ये ‘दहा सेकंद झोप’ असं लिहू नकोस. आकडा पुढे सरकेपर्यंत थांब आणि त्याला वरची मर्यादा घाल – जुना संच सावकाश उठतो, नवा तुझी वाट बघत बसतो.

८. पुढचा व्हिडिओ लावण्याआधी मागच्याचा ‘सोर्स’ काढून ‘लोड’ कर – पुष्कळ संचांत डीकोडर एकच, आणि मागच्याने तो धरून ठेवला की आळ पुढच्यावर येतो.

९. होम दाबून परत येऊन बघ, टीव्ही स्टँडबायला टाकूनही बघ. लोक घरी तेच करतात.

१०. प्रत्येक निकालाशेजारी मॉडेल, साल आणि फर्मवेअर लिही – एलजीच्या २०१८ च्या वेबओएसमध्ये क्रोमियम ५३ आहे, २०२० च्या आवृत्तीत ६८. कंपनी एक म्हणून दोघांना एका पंगतीत बसवू नये. आणि तिथल्या डेव्हलपर मोडची मुदत वेळेवर वाढव – ती संपली की ॲपच पुसलं जातं, आणि सकाळी सगळं लाल बघून तू आपला कोड उचकत बसशील.

११. रात्रीच्या फेरीला आवाज बारीक ठेव, म्यूट नको – कॅमेऱ्याच्या माइकला काहीच ऐकू आलं नाही, तर मुका व्हिडिओ पकडणार कसा? वॉचमनकाकांना मात्र आधी सांगून ठेव, रिकाम्या ऑफिसात कोण बोलतंय म्हणून ते वर येतात आणि येताना दिवे लावतात.